रायफल टेबलावर टेकवूनही ५० मीटरवर गोळ्या विखरून का लागतात?

बहुतेकदा दोष रायफलीत नसून टेकवण्यात असतो. रायफल टेकवायची पुढची वाळूची पिशवी नळीखाली कधीही ठेवू नये, कारण गोळी सुटताना नळी कंप पावते आणि तिला आधार लागला की नेम सरकतो. पिशवी लाकडी पुढच्या भागाखाली, दरवेळी त्याच जागी असावी. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तीत गोदावरीची चाळलेली, कोरडी वाळू गच्च भरली तरी काम भागते, महागड्या स्टँडची गरज नाही. दस्त्याखालची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाखालची पिशवी मात्र थोडी सैल हवी. डाव्या मुठीने ती दाबली की दस्ता उचलला जाऊन नेम खाली येतो, सोडली की वर जातो. नेम धरून डोळे मिटावेत, श्वास सोडावा आणि डोळे उघडावेत. नेम हललेला दिसला तर रायफल ढकलत न बसता खुर्ची आणि पिशव्या सरकवाव्यात. चाप बोटाच्या पेराने सावकाश, सरळ मागे दाबावा.

आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखात उन्हाच्या झळांनी लक्ष्यच थरथरताना दिसते, तेव्हा सराव भल्या सकाळी उरकावा. हे सर्व अर्थातच परवानाधारक शस्त्राने आणि अधिकृत रेंजवरच करावे.