आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या स्मरणार्थ एक लाख रुपये द्यायचे आहेत. कुठे आणि कसे द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की आईला सातवीनंतर शाळा सोडावी लागली, तिने शिवणकाम करून तुम्हा भावंडांना शिकवलं. आता भाऊ अन्नदान म्हणतोय आणि बहीण गावच्या शाळेला पंखे द्यायचे म्हणतेय. मला विचाराल तर या पैशांचा मुलींच्या शिक्षणासाठी कायम निधी करा. मुद्दल तसंच राहील आणि व्याजातून दरवर्षी एखाद-दोन मुलींची अडचण निघेल.

मी एका शिक्षणसंस्थेचे हिशेब बघतो, म्हणून हे आग्रहाने सांगतोय. स्मरणार्थ पंखे, कपाटं, घड्याळं देणारे पुष्कळ येतात. बारावीच्या परीक्षेची फी, चष्मा, अकरावीच्या प्रवेशाचे पैसे यांसाठी मात्र आम्हाला दारोदार विचारत फिरावं लागतं. अन्नदान त्या दिवशी ऐपतीप्रमाणे जरूर करा, फक्त त्यासाठी या लाखाला हात लावू नका.

महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा पैशांची सतत ओढाताण असायची. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच. शंभर वर्षं मुली त्या माउलीच्या नावाची पदवी घेऊन बाहेर पडताहेत. तुमची रक्कम लहान असली तरी वाट तीच आहे.

आता व्यवहाराचं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी आणि तिचे हिशेब दरवर्षी तपासले जात असावेत. मागच्या वर्षीचा ताळेबंद मागायला संकोच करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे सदस्य बदलत राहतात, त्यामुळे कायम निधी तिथे सांभाळला जाणं कठीण. पैसे देताना सोबत सहीचं पत्र द्या: ही रक्कम कायम निधी म्हणून आहे, मुदत ठेवीत ठेवावी, फक्त व्याज वापरावं. पत्र नसेल तर रक्कम साध्या देणगीत जमा होऊन त्याच वर्षी रंगरंगोटीत संपू शकते.

सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला 7000 रुपये येतील. ते सगळे वाटू नका. पाच हजार वापरायचे आणि दोन हजार मुद्दलात टाकायचे, असं पत्रातच लिहा. सगळं व्याज वाटत गेल्यामुळे मुद्दल वाढलं नाही, म्हणूनच जुन्या निधींची दुर्दशा झाली आहे. चाळीस वर्षांपूर्वी हजार रुपये ठेवून सुरू केलेल्या पारितोषिकात आज एक वहीसुद्धा धड येत नाही, आणि ते देणाऱ्या घरांचं मन किती मोठं होतं हे कुणाला कळतही नाही. दर काही वर्षांनी तुम्ही भावंडांनी थोडी भर घातलीत तर आणखी चांगलं.

पहिल्या क्रमांकाला बक्षीस ही अट मला पटत नाही. पहिली येणारी मुलगी बहुतेक वेळा पुढे शिकतेच. तुमच्या आईसारखी मधेच थांबण्याच्या बेतात असलेली मुलगी शिक्षकांना नेमकी ठाऊक असते. निवड त्यांच्यावर सोपवा, टक्केवारीचं बंधन घालू नका. पैसे तिथीला न देता जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळी दिले जावेत. उद्या ती संस्था बंद पडली तर निधी तशाच कामासाठी दुसरीकडे वर्ग करावा, हेही पत्रात असू द्या.

रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या. संस्थेला 80 जी ची (देणगीवर आयकर सवलतीची) मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीत देणाऱ्याला सूट मिळते, पण 2000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर मिळत नाही. पावती ज्याच्या नावावर, सूट त्याला, तेव्हा तिघांनी आपापला वाटा वेगळा भरा आणि पत्रावर तिघांच्याही सह्या घ्या.