सोलापूरचा किल्ला आणि चांदबिबीचा विवाह

प्रश्न : चांदबिबीचा विवाह निव्वळ राजकीय होता का? तिला मुले होती का? तिच्या माहेर-सासरविषयी माहिती द्यावी. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : विवाह राजकीयच होता आणि त्याच्या मुळाशी आपलेच शहर होते. सोलापूरच्या किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही अनेक वर्षे भांडत होत्या. 1524 मध्ये आदिलशाही घराण्यातील बीबी मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण देण्याचे बोलणे झाले होते. ते पाळले गेले नाही आणि वैर वाढले. पुढे विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकजूट करताना बुऱ्हाणचा मुलगा हुसेन याने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, सोबत सोलापूर दिले, आणि अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला, करून घेतली. जानेवारी 1565 मधील तालिकोटच्या लढाईत रामराया मारला गेला.

चांदबिबीला मूल झाले नाही. 1580 मध्ये अलीचा खून झाल्यावर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि त्याचा सांभाळ तिने केला. दरबारातील किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, तरी सुटका होताच ती पुन्हा कारभारात उतरली. स्त्रीने राज्य चालवणे तिला नवे नव्हते, कारण हुसेनच्या मृत्यूनंतर तिची आई खुंझा हुमायून हिनेही मुर्तझाच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला होता.

माझ्या मते या सोयरिकीचे खरे मोल तीस वर्षांनी दिसले. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा चांदबिबी माहेरी होती आणि भावाचा नातू बहादूर याच्यासाठी लढत होती. सुरुंगाने तट कोसळला तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रात्रीतून भिंत पुन्हा रचून घेतली. तिने वाढवलेल्या इब्राहिमने विजापूरहून सुहेलखानाच्या हाताखाली फौज धाडली. ही फौज जवळ येत आहे हे कळल्यावर, अन्नटंचाईने आधीच त्रासलेल्या मोगलांनी वऱ्हाड घेऊन तह केला आणि वेढा उठवला. हदियाचे माहेर आणि चांदबिबीचे सासर असलेले विजापूर असे अहमदनगरच्या कामी आले. 1600 मध्ये मोगल पुन्हा चालून आले. तहाची बोलणी करण्याचा तिचा विचार फितुरी ठरवून तिच्याच सैनिकांनी तिला ठार मारले, आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडून बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.