पोट खरंच दुखतं तिचं

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, रविवारी ठणठणीत. तपासण्या नॉर्मल आल्या. नाटक करते का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : नाही हो. भीतीनेही पोटात कळ येते, मळमळतं, आणि ते दुखणं खरं असतं. खाली रिक्षाकाकांचा हॉर्न वाजतो आणि पोर एका पायात मोजा, दुसरा हातात, अशी दाराकडे बघत बसून राहते. घरी ठेवलं की अर्ध्या तासात पोट थांबतं. मेख इथेच आहे : आज सुटका झाली की उद्याची भीती वाढते. म्हणून "दुखतंय ना, कळतंय मला" म्हणा. ताप-उलटी नसेल तर शाळेत सोडा आणि फाटकाशी रेंगाळू नका. भीतीचं कारण सकाळच्या घाईत विचारू नका. रात्री दिवा मालवल्यावर विचारा : डबा कुणाबरोबर खातेस? बाथरूमला जाऊ देतात का? वाचायला उभं केलं की काय होतं? पुष्कळदा गाठ वाचनातच सापडते. हुशार मुलं पाठांतरावर बरीच वर्षं निभावून नेतात. तशी शंका आली तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जातं का याची, चाचणी जरूर करा. तिचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ परीक्षेत जादा वेळ देतं.

प्रश्न : मुलगा आठवीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेलाच नाही. ओढून नेऊ का? (बाबा, हडपसर)

उत्तर : कृपा करून नको. एवढा खंड पडल्यावर अख्खा दिवस झेपत नाही. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. आधी उठायची वेळ सावरा, मग फाटकापर्यंत जाऊन या, मग आवडीचा एखादा तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. "इतके दिवस कुठे होतास?" याचं उत्तर दोघांनी मिळून ठरवून ठेवा, त्या एका प्रश्नाच्या धास्तीने मुलं उंबऱ्यावरून परततात. शाळेच्या वेळात घरी मोबाइल नको. पण जेवण-झोप तुटली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर एक दिवसही थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

प्रश्न : पहिलीतला नातू म्हणतो, बाई मारतात. घरचे म्हणतात, आम्हीही मार खाल्लाय. (आजी, सिंहगड रस्ता)

उत्तर : आजी, नातवावर विश्वास ठेवलात हे फार चांगलं केलंत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. आणि आज रात्रीच त्याला जवळ घेऊन सांगा, "तू सांगितलंस ते बरं केलंस."