नाचणीचे सत्त्व की मोडाच्या नाचणीचे पीठ?

मुलगी आठ महिन्यांची आहे, सासूबाई नाचणीचे सत्त्व द्या म्हणतात, आई मोडाच्या नाचणीचे पीठ द्या म्हणते, आणि वेळ नसल्यास बाजारातले तयार सत्त्व चालेल का, असे आपण विचारले आहे. यातल्या पहिल्या भागावरून आमच्या घरात पूर्वी चांगलीच जुंपली होती, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नये. पीठ द्यावे. आपल्या आईचे म्हणणे बरोबर आहे.

माझे माहेर पाटण तालुक्यातले आणि सासर दापोलीकडचे, म्हणजे दोन्हीकडे नाचणी वरकस जमिनीत पिकणारी आणि रोजच्या भाकरीतली. माझा मुलगा वरच्या अन्नाला लागला तेव्हा मे महिना होता आणि सगळे गावच्या घरी जमलेले होते. मोठ्या जाऊबाईंच्या हातचे सत्त्व आमच्या नात्यागोत्यात नावाजलेले आहे, आणि ते त्यांनी माझ्या देखत केले. नाचणी निवडून, रोळून, रात्रभर भिजवून पंचात बांधली; बारीक पांढरे मोड आल्यावर ती वाटली, भरपूर पाणी घालून पंचातून गाळली आणि ते दुधासारखे पाणी मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी वर तांबूस पाणी आणि तळाला घट्ट पांढरा थर होता. पाणी त्यांनी आळ्यात ओतले, पंचातला विटकरी चोथा गाईच्या घमेल्यात टाकला, आणि पांढरा थर ताटात वाळत घातला.

तो चोथा मी मागितला. "अगं, कोंडा तो! लेकराच्या पोटात मुरडा येईल," असे म्हणून त्यांनी मला सासूबाईंसमोर वेड्यात काढले. मी म्हटले की चोथा बाळाला द्यायचा नाही, पण बाळाच्या पिठात साल असायला हवी, आणि माझी आई नाचणी मोड आणून, वाळवून, मंद भाजून, न गाळता दळते. त्यावर आमच्या चार पिढ्या सत्त्वावरच वाढल्या, हे ठरलेले वाक्य आले. गाईही त्याच चोथ्यावर वाढल्या आणि त्या आपल्यापेक्षा धट्ट्याकट्ट्या आहेत, असे माझ्या तोंडून निघून गेले आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलणे झाले. घमेल्यातला वरचा स्वच्छ चोथा मी तरीही उचलला, दुपारी थालीपिठाच्या पिठात मळला, आणि मामंजींनी आणखी एक मागून घेतले. जाऊबाईंनी त्या थालीपिठाला हात लावला नाही. गणपतीत भेटलो की हा विषय आजही निघतो.

आता मुद्द्याचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. मात्र नाचणीतल्या या कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. गाळताना साल पंचात राहते, विरघळणारे घटक वरच्या पाण्याबरोबर जातात, आणि तळाशी बसते ते मुख्यतः पिष्ट. ते पचायला हलके असते, आजाऱ्याला चांगले, खीरही सुरेख होते. पण अख्ख्या नाचणीचे आकडे सांगून बाळाला ते सत्त्व भरवायचे, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

मोड आणण्याला मात्र पर्याय नाही, आणि तेवढ्यापुरते जाऊबाईंचे श्रेय मी नाकारत नाही. भिजवल्याने आणि मोड आणल्याने दाण्यातला फायटेट हा घटक कमी होतो, त्यामुळे लोह आणि कॅल्शियम अंगी लागण्यातला अडथळा काहीसा दूर होतो. शिवाय मोडांबरोबर दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टाचे तुकडे करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. घट्ट शिजलेल्या खिमटीत मोडाच्या धान्याचे थोडेसे पीठ कालवले की ती पातळ होते, म्हणजे पाणी न वाढवता बाळाला गिळता येते आणि तेवढ्याच वाटीतून जास्त अन्न पोटात जाते. म्हणूनच मोडाची नाचणी खमंग होईपर्यंत भाजू नये. जास्त भाजली की विकर निकामी होते.

पीठ बारीक दळून आणावे, एक चमचा पीठ आधी गार पाण्यात कालवावे म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि मंद आचेवर सतत ढवळत कच्चा वास जाईपर्यंत शिजवावे. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ घालू नये आणि मध तर मुळीच देऊ नये. बाजारातल्या डब्याबद्दल एवढेच, की मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी; साखर किंवा दूध पावडर दिसली की डबा परत ठेवावा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीचे नाव कशावरही छापलेले दिसते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आठ महिन्यांचे बाळ एका वेळी फार तर १५ ग्रॅम पीठ खाईल, त्यातून साधारण ५५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल, आणि या वयाची रोजची गरज ३०० मिलिग्रॅमची आहे. तेव्हा मुख्य आधार अजूनही आईच्या दुधाचाच आहे. लोहासाठी डाळ, पालेभाजी आणि चालत असल्यास नीट शिजवलेले अंडे हवे, केवळ नाचणीवर विसंबू नये. फायटेट आणि तसेच अडथळा आणणारे टॅनिनही बरेचसे सालीत असतात, त्यामुळे जाऊबाईंची बाजू अगदीच लंगडी नाही. पिठाने शौचाला त्रास झाला तर काही दिवस ते चाळून द्यावे, आणि वजन वाढत नसेल तर आपल्या आईचे, सासूबाईंचे आणि माझेही ऐकू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सासूबाईंनी हौसेने सत्त्व करून पाठवलेच तर नाही म्हणू नये. त्याची खीर करून मोठ्यांनी खावी, बाळाच्या पिठाचा डबा वेगळा ठेवावा, आणि पुढच्या वेळी चोथा मात्र आठवणीने मागून घ्यावा.