'आवर्तन सुटले' म्हणणे बरोबर आहे का?

भडगावच्या एका वाचकांनी विचारले आहे : 'बातम्यांत "गिरणा धरणातून रब्बीचे दुसरे आवर्तन सुटले" असे नेहमी येते. आवर्तन म्हणजे फेरा. फेरा सुरू होतो, पुरा होतो. तो सुटेल कसा? सुटते ते पाणी. शिवाय "पाळी" हा आपला साधा शब्द असताना आवर्तन हवे कशाला?'

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

'वृत्' म्हणजे वळणे, फिरणे. त्याला 'आ' लागून आवर्तन, म्हणजे फिरून पुन्हा त्याच जागी येणे. तीनतालाच्या १६ मात्रा वाजवून तबलजी समेवर आला की एक आवर्तन झाले. अथर्वशीर्ष २१ वेळा म्हटले की २१ आवर्तने झाली. कालव्याच्या कारभारात हाच शब्द 'रोटेशन'साठी रुळला. धरणातले पाणी सगळा हंगाम सगळ्या कालव्यांत वाहते ठेवण्याइतके नसतेच. गिरणा धरण काठोकाठ भरले तरी मृतसाठा वगळून वापरता येणारे पाणी सुमारे १८.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). म्हणून काही दिवस सोडायचे, मग बंद करायचे, पिकाला पुन्हा तहान लागायच्या सुमारास परत सोडायचे. असे किती वेळा जमेल, याचा हिशेब १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतो. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, उन्हाने उडून जाईल तेवढे धरतात, आणि उरलेल्यात आवर्तने बसवतात.

पाळी वेगळी. आवर्तन चालू असताना चारीवरच्या, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या पाटावरच्या, एकेका शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा वेळ म्हणजे पाळी. नमुना ७ भरून पाणी मागितलेल्यांची यादी लागते : कोणाला कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. शेजारीशेजारी असलेल्या शेतांनी ओळीने घ्यायची म्हणून तिला शेजपाळी म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. कालव्याच्या कागदांत इतका घरगुती शब्द दुसरा नाही.

थोडक्यात, आवर्तन धरणाचे आणि पाळी माणसाची. एका आवर्तनात शेकडो पाळ्या बसतात. एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर अर्थ हुकतो.

हा फरक मला कोशात नाही, चारीवर कळला. लहानपणी हिवाळ्यात मामांच्या मळ्यात होतो. मामांची पाळी रात्री अडीचची. चारी कोरडीठाक. मामा फावडे आडवे टाकून त्यावर बसलेले, कानटोपीत फक्त डोळे दिसत होते. पाण्याआधी वास आला, नुकत्या भिजलेल्या मातीचा. मग काडीकचरा, वाळकी पाने आणि मळकट फेस पुढे ढकलत पाण्याचे तोंड आले, माणसाच्या सावकाश चालीने. 'उनं' (आले), एवढेच म्हणून मामांनी फावडे उचलले आणि गव्हाच्या वाफ्याचे तोंड फोडले. आवर्तन तर कितीतरी दिवस आधी सुटले होते. ते गिरणेच्या पात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत आले, तिथून कालव्यात, मग वितरिकेत, मग चारीत. धरणावर दार उघडले तो दिवस आणि मामांचा वाफा फुटला ती रात्र, या दोन्हींना एकच शब्द कसा पुरेल?

मामांच्या तोंडी 'आवर्तन' कधी ऐकले नाही, पण भेद त्यांच्याकडे पक्का होता. धरणाबद्दल बोलायचे तर 'पाटले पानी सुटनं'. स्वतःबद्दल विचारायचे तर 'मन्ही पाळी कव्हय शे?' (माझी पाळी केव्हा आहे?) पाळी सुटली असे अहिराणीत कोणी म्हणणार नाही. पाळी येते किंवा जाते.

आता 'सुटले'कडे. वाचकांचे म्हणणे धात्वर्थाने बरोबर आहे. पण बोलण्यात या शब्दाने पाण्याचाच अर्थ घेतला आहे. क्रियापदे पाहा : आवर्तन सुटते, पोहोचते, शेवटच्या शेतापर्यंत जात नाही, मध्येच बंद पडते. ही सगळी पाण्याची क्रियापदे. फेऱ्याचे म्हणून 'पूर्ण झाले' तेवढे उरले. जळगाव-धुळ्याच्या गल्लीत सकाळी 'नळ आले का?' असेच विचारतात; नळ भिंतीतून हललेला नसतो. जे पाणी नळातून येते त्याला नळ म्हटले, जे फेऱ्याने येते त्याला आवर्तन. मराठीची ही जुनी सवय आहे. 'आवर्तन सुटले' मी चूक मानत नाही.

याच्या जोडीचा 'विसर्ग' मात्र जपून वापरावा. पावसाळ्यात तापीला पूर आला की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, ४१ आहेत, आणि बातमी येते की इतक्या क्युसेकने (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग सुरू. तिथे आवर्तन कोणी लिहीत नाही, आणि ते योग्यच आहे. विसर्ग आणि विसर्जन एकाच धातूचे, 'सृज्'चे. सोडून देणे हा त्यांचा अर्थ. जे ठेवता येत नाही ते सोडले की विसर्ग. मागणाऱ्यापर्यंत मोजून पोहोचवायचे ते आवर्तन. हतनूरचा हाच विसर्ग खाली गुजरातेत उकाई धरणावर पोहोचला की त्याचे नाव 'आवक' होते, बाजार समितीत कापसाची होते तीच आवक. पाणी तेच, पण आपण कोणत्या काठावर उभे आहोत त्यावर नाव बदलते.

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत तर आणखी वेगळे. फड म्हणजे एकत्र भिजवायच्या शेतांचा गट. तिथे शेताला पाणी देण्याचे काम बारेकऱ्याचे. मालकाने आपल्या हाताने पाणी वळवायचे नाही. पाणी फडात शिरले की ओळीने सगळी शेते भिजत जातात. 'माझी पाळी' म्हणायला तिथे फारशी जागाच राहत नाही.

एका ठिकाणी मात्र वाचकांच्या बाजूने उभा राहीन. टंचाईच्या वर्षी नदीकाठच्या गावांच्या पिण्यासाठी पात्रात एकदाच पाणी सोडतात, आणि 'यंदाचे एकमेव आवर्तन' असे छापून येते. आवर्तन म्हटले की वाचणारा पुढच्याची वाट पाहू लागतो, शब्दच तसा आहे. पुढचे येणार नसेल तेव्हा 'पिण्यासाठी एकदाच पाणी सोडले' असे सरळ लिहावे.