वाचकांचे प्रश्न : स्कूटरसाठी सोळा हजार रुपये जास्त मोजावेत का?

प्रश्न : आम्ही सासवडला राहतो. मी कोंढव्यातील एका शाळेत शिक्षिका आहे आणि माझे पतीही त्याच भागात नोकरी करतात. आजवर आम्ही बसने जात होतो, परंतु वेळा जुळत नसल्यामुळे आता स्कूटर घ्यायचे ठरवले आहे. रोज बोपदेव घाटातून दोघांनी डबलसीट ये-जा करायची आहे. अ‍ॅक्टिव्हाची ११० सीसीची आणि १२५ सीसीची डिस्क ब्रेक असलेली, अशा दोन गाड्या आम्ही पाहिल्या. दोन्हींच्या ऑन-रोड किमतीत सुमारे सोळा हजारांचा फरक आहे आणि गाडी हप्त्यांवर घ्यावी लागणार आहे. माझे सासरे म्हणतात, ‘दोन्हींची ताकद माहितीपत्रकात जवळपास सारखीच आहे, मग पंधरा सीसीसाठी इतके पैसे कशाला?’ आपले मत काय?
— एक वाचक, सासवड

उत्तर : आपल्या सासऱ्यांनी माहितीपत्रक नीट वाचले आहे. अ‍ॅक्टिव्हा ११० ची कमाल ताकद ५.८८ किलोवॅट आणि १२५ ची ६.२० किलोवॅट, म्हणजे फरक जेमतेम पाच टक्क्यांचा आहे. सासवड ते कोंढवा असा सगळा रस्ता सपाट असता आणि आपण एकट्याच जाणार असता, तर मीही ११० घ्या असेच सांगितले असते. मात्र त्याच माहितीपत्रकात ताकदीच्या आकड्यापुढे इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा दिलेला असतो आणि आपला निर्णय त्यावर ठरतो. ११० चे इंजिन आपली कमाल ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर देते, तर १२५ चे ६,५०० फेऱ्यांवरच देते. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ११० मध्ये साधारण ९ न्यूटन-मीटर आहे आणि १२५ मध्ये १०.५, हा फरक पंधरा टक्क्यांहून अधिक भरतो.

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये बेल्ट आणि वेरिएटर असतो. चढ लागला की वेरिएटर आपोआप खालच्या गिअरसारखी स्थिती घेतो, परंतु इंजिनाला कमाल फेऱ्यांपर्यंत न नेता तो मधल्या फेऱ्यांवरच काम करून घेतो, आणि मधल्या फेऱ्यांवर १२५ चे इंजिन स्पष्टपणे सरस आहे. गाडीचे वजन शंभर किलोंच्या थोडे वर, दोन माणसे, डबे, शाळेची पिशवी असे सगळे मिळून अडीचशे किलोंचा भार होतो. हा भार घेऊन बोपदेवच्या तीव्र वळणावर वेग कमी करावा लागला, की ११० ची अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळूनही गाडी उचल घ्यायला वेळ लावते, मागून ट्रक येत असतो आणि चालवणाऱ्याला काहीच करता येत नाही. १२५ त्याच जागी मूठ थोडी शिल्लक ठेवून वर येते. पंधरा सीसीचे पैसे या शिल्लक राहणाऱ्या मुठीसाठी आहेत. शिवाय रोज पूर्ण मूठ पिळून चालवलेल्या इंजिनाचा, बेल्टचा आणि वेरिएटरमधील रोलरचा झिजण्याचा वेगही जास्त असतो.

तरीही मला चढापेक्षा उताराची काळजी अधिक वाटते. गिअरच्या मोटारसायकलला उतारावर खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. स्कूटरमध्ये हा आधार तोकडा असतो, कारण मूठ सोडल्यावर वेग एका मर्यादेखाली गेला की इंजिन चाकाला जोडणारा सेंट्रिफ्युगल क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक लांब उतारावर सतत दाबून ठेवला तर तापतो, ड्रम प्रसरण पावून लायनरपासून किंचित दूर जातो आणि लिव्हर नेहमीपेक्षा अधिक आत जाऊ लागते. जळका वास येतो तो त्याच सुमारास. डिस्क उघडी असल्यामुळे वाऱ्याने लवकर निवते आणि पावसात भिजली तरी एक-दोन दाबांत कोरडी होते. २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस सक्तीचे आहे, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचे चाकही काही प्रमाणात धरले जाते. ही सोय चांगलीच आहे, पण ती ब्रेकचा जोर दोन चाकांत वाटून देते, तापलेल्या ड्रमला थंड करत नाही. म्हणून आपल्या रस्त्यासाठी पुढची डिस्क ही मी चैन मानत नाही. आणि एक विनंती : पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून उतरणारे अनेक जण आपल्याला दिसतील, त्यांचे अनुकरण कृपया करू नका.

आता पैशांकडे येऊ. सोळा हजार रुपये तीन वर्षांच्या कर्जात मिळवले तर हप्ता महिन्याला साधारण सव्वापाचशे ते साडेपाचशे रुपयांनी वाढेल. वर्षाला दहा हजार किलोमीटर होतील असे समजू. ११० ने पन्नासचे आणि १२५ ने पंचेचाळीसचे अ‍ॅव्हरेज दिले, तर वर्षाला २२ लिटर पेट्रोल जास्त लागेल आणि लिटरला १०५ रुपये धरले तर तो खर्च तेवीसशे रुपयांच्या आसपास जाईल. घाटात भरलेल्या गाडीसह ११० वरही ताण येत असल्यामुळे प्रत्यक्षातील तफावत याहून कमी राहील असा माझा कयास आहे. थर्ड पार्टी विम्याचा टप्पा ७५ ते १५० सीसी असा असल्यामुळे तो हप्ता दोन्ही गाड्यांना सारखाच लागतो. रस्ता कर आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा किमतीनुसार वाढतो, परंतु पहिल्या खरेदीच्या वेळचा तो वाढीव भाग आपण सांगितलेल्या ऑन-रोड फरकात आलेलाच आहे. सर्व्हिसिंगच्या खर्चात फार अंतर नाही. डिस्कचे पॅड आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल एवढी भर पडते.

माझे मत असे, की आपण १२५ घ्यावी. मात्र डिस्क ब्रेक ज्या सर्वांत स्वस्त प्रकारात मिळतो तोच घ्यावा आणि त्याच्या वर रंगीत पडद्यासाठी किंवा मोबाइल जोडणीसाठी एक रुपयाही देऊ नये. हप्ता खरोखरच झेपणारा नसेल तर मधला मार्ग आहे : टीव्हीएसच्या ज्युपिटर ११० च्या वरच्या प्रकारात पुढे डिस्क मिळते आणि पुढची-मागची दोन्ही चाके बारा इंचांची आहेत. चढावर ती थोडी मागे पडेल, पण उतारावरचा प्रश्न सुटेल. बॅटरीवरच्या स्कूटरचा विचार आपण केलेला दिसत नाही. घरी चार्जिंगची सोय असेल तर तोही करावा, कारण चढावर तिचा जोर उत्तम असतो.

पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करा. शोरूमची चाचणी फेरी बहुधा सपाट रस्त्यावर, एकट्याने आणि पाच मिनिटांची असते आणि तिच्यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शाळेतील एखाद्या सहकाऱ्याकडे १२५ असेल तर ती मागून घ्या, पतींना मागे बसवा आणि बोपदेव एकदा चढून-उतरून पाहा. शक्य झाले तर तेच ११० वर करा. मागच्या चाकात हवा डबलसीटसाठी सांगितलेली, म्हणजे अ‍ॅक्टिव्हाच्या बाबतीत ३६ पीएसआय, भरून घ्या. एकट्यासाठीच्या हवेवर दोघे बसले तर कोणतीही गाडी जड वाटते.

प्रश्न : आमची मुलगी सोलापुरात महाविद्यालयात जाते. अंतर चार किलोमीटर असून रस्ता सपाट आहे. शोरूमचे लोक ११० ऐवजी १२५ चे टॉप मॉडेल घेण्याचा आग्रह करत आहेत. ते सुरक्षित असते, हे खरे आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला ११० पुरेशी आहे. चार किलोमीटरच्या शहरी रस्त्यावर, एकटी मुलगी चालवत असताना, १२५ चा जादा जोर वापरलाच जाणार नाही. सुरक्षिततेचा मुद्दा डिस्क ब्रेकपुरता खरा आहे, टॉप मॉडेलपुरता नाही; गाडीवर येणारा फोन पडद्यावर दिसणे ही तर उलट लक्ष विचलित करणारी बाब आहे. वाचलेल्या पैशांतून मुलीच्या डोक्याला नीट बसणारे, आयएसआय चिन्ह असलेले, पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट घ्या आणि ते गाडीच्या डिक्कीत मावते का हे शोरूममध्येच ठेवून पाहा, कारण डिक्कीत न मावणारे हेल्मेट महिन्याभरात घरी राहू लागते. विमा शोरूमकडूनच घेण्याचे बंधन नाही, बाहेरचा दर विचारून मगच ठरवा. ‘हँडलिंग’च्या नावाने रक्कम लावली असेल तर ती कशासाठी आहे हे लेखी मागा.