रोप जगलं, पण कशामुळे?

ताई, सप्रेम नमस्कार.

"अकरावी सायन्सची मुलगी अभ्यास सोडून स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनावर विज्ञान शिकवणारे गेम बनवत बसते, यात पुढे काही आहे का?" असं तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातून विचारलंत आणि तिचा गेमही पाठवलात. उत्तर लिहिण्याआधी मी तो खेळून पाहिला.

चार कुंड्या, आणि पाणी, ऊन, खत आपण ठरवायचं. कल्पना फार आवडली. मात्र मी पाणी आणि ऊन एकदमच वाढवलं, रोप जगलं, आणि गेमने मला 10 गुण दिले. ते कशामुळे जगलं हे मला कळलंच नव्हतं! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा प्रयोगाचा पाया. गुण त्याचे हवेत. तिला म्हणावं, पाणी घालण्याआधी खेळणाऱ्याला अंदाज लिहायला लाव. अंदाज चुकला तर चुकू दे. त्यानंतर तो पुढच्या कुंडीत काय बदलतो, ते बघ.

मग शेजारची चार-पाच मुलं बसवा. खेळताना मनात येईल ते त्यांनी मोठ्याने बोलायचं, आणि तिने अजिबात मदत करायची नाही. हे तिला जड जाईल. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' या प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, अशीच मुलांना बोलतं करून तपासतात. ती फुकट आहेत, तिला दाखवा.

आता तुमची काळजी. गेमिंगच्या महागड्या खासगी कोर्सला घाईने पैसे भरू नका. बारावीला यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा द्यावी. शाखेची अट नाही, चित्रही काढावं लागतं, आणि सलग दोनच वर्षं देता येते. त्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पदवी करता येते. नाही जमलं, तर घराजवळची एमएस युनिव्हर्सिटी आहेच: तिथे बीएससी करावी, आणि मूल कसं शिकतं हे समजून घ्यायला शिक्षण व मानसशास्त्राची विद्याशाखाही तिथेच आहे. मला तर हीच वाट तिच्यासाठी जास्त भावते. पुढे आयआयटी मुंबईत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत, म्हणजे तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकवण्याच्या विषयात, पीएचडी करता येते.

सुरुवातीचा पगार इंजिनीअर झालेल्या भावंडांपेक्षा कमी असू शकतो, हे धरून चाला. गणित मात्र सोडू देऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन या. सुधारलेला गेम आणा, आणि मुलं कुठे कुठे अडली ते टिपलेली वहीसुद्धा.